"आम्ही कोणतीही वैयक्तिक माहिती गोळा करत नाही": शाळेच्या वेबसाइटवरच्या एका वाक्याची तपासणी

शाळेच्या मेलवर एका आईचा मेल आला. चारच ओळी होत्या. मुलीचं पूर्ण नाव तिने सहज गूगलवर टाकून पाहिलं होतं आणि तिसऱ्या क्रमांकावर एक पीडीएफ आली होती. उघडली तर मुलीचा प्रवेश अर्ज. फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, आई-वडिलांचे मोबाइल नंबर, जन्मदाखल्याची प्रत, सगळं एकाच फाइलमध्ये. शेवटची ओळ अशी होती: "तुमच्या वेबसाइटच्या गोपनीयता धोरणात लिहिलंय की आम्ही कोणतीही वैयक्तिक माहिती गोळा करत नाही. मग हे काय आहे?"

मी त्या शाळेत संगणक शिकवते. वेबसाइटचं कामही माझ्याकडेच आहे, म्हणजे सूचना चढवायच्या, कार्यक्रमांचे फोटो टाकायचे, निकालाच्या दिवशी साइट बसली की होस्टिंगवाल्यांना फोन करायचा. धोरणाचं ते पान मी लिहिलेलं नव्हतं. पण मी ते कधी वाचलंही नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. ऑनलाइन फी भरण्याची सोय सुरू करताना पेमेंट कंपनीने साइटवर असं पान हवं अशी अट घातली होती. तेव्हा साइट बनवणाऱ्याने कुठल्यातरी दुकानाच्या साइटवरून सहा ओळी उचलून चिकटवल्या. त्यातल्या एका ओळीत "आमच्या उत्पादनांचे ग्राहक" असा शब्दप्रयोग तसाच राहिला होता. चार वर्षं ते पान तिथे होतं.

पुढचे सहा आठवडे आम्ही त्या एका वाक्याच्या मागे लागलो. ते प्रकरण इथे मांडते आहे. शाळेचं नाव देत नाही, कारण त्यावरून त्या मुलीपर्यंत पोहोचता येईल.

आधी दार लावलं

मेल वाचला तेव्हा शाळा सुटली होती. साइट सांभाळणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ते फोल्डर रोबोट्स डॉट टेक्स्टमध्ये टाकतो. गूगल परत घेणार नाही."

हा उपाय बरेच जण सुचवतात, म्हणून त्याबद्दल जरा सांगते. रोबोट्स फाइल म्हणजे शोधयंत्रांच्या बॉटना, म्हणजे साइटवरची पानं आपोआप वाचत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामना, केलेली विनंती: इथे येऊ नका. १९९४ पासून ही पद्धत चालत आली आणि २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचं रूप मिळालं, पण त्या मानकातच स्पष्ट म्हटलं आहे की ही प्रवेश देण्या-नाकारण्याची व्यवस्था नव्हे. सभ्य बॉट विनंती पाळतात, बाकीचे पाळत नाहीत. शिवाय ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. म्हणजे लपवायच्या फोल्डरचं नाव आपणच पाटीवर लिहून लावायचं. आणखी एक तोटा आहे. गूगलच्या बॉटला तिथे जायलाच मनाई केली, तर फाइल आता काढून टाकली आहे हे त्याला कळत नाही आणि यादीतली जुनी नोंद रेंगाळत राहते.

म्हणून आम्ही फाइली सर्व्हरच्या अशा भागात हलवल्या जो वेबवरून दिसतच नाही. जुन्या पत्त्यावर काही मिळणार नाही अशी सोय केली आणि मगच गूगलकडे शोधनिकाल काढण्याची विनंती टाकली. या विनंतीने निकाल साधारण सहा महिन्यांपुरताच झाकला जातो. तेवढ्या वेळात मूळ फाइल नाहीशी नसेल तर ती पुन्हा वर येते. आधी फाइल, मग गूगल, हा क्रम महत्त्वाचा आहे.

फाइल बाहेर पडली कशी, हे शोधायला एक रात्र पुरली. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते. प्रवेश अर्जासोबत जोडलेली कागदपत्रं त्याच अपलोड्स फोल्डरमध्ये साठत होती, जिथे आमच्या सुट्ट्यांच्या सूचना आणि वेळापत्रकं असतात. फाइलचं नाव म्हणजे मुलाचं पूर्ण नाव आणि तारीख. सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवण्याची सोय चालू होती, म्हणजे फोल्डरचा पत्ता टाकला की आतल्या सगळ्या फाइली ओळीने दिसायच्या. आणि मागच्या वर्षीच्या एका सूचनेत कार्यालयातून एका फाइलऐवजी अख्ख्या फोल्डरचीच लिंक दिली गेली होती. गूगलचा बॉट त्या लिंकवरून आत गेला आणि त्याने सगळं वाचून काढलं. कुणी कुलूप तोडलं नव्हतं. कुलूप कधी लावलेलंच नव्हतं.

नॉर्वेतल्या बर्गन महापालिकेला २०१९ मध्ये १६ लाख क्रोनरचा दंड झाला. तिच्या संगणक प्रणालीत ३५ हजारांहून अधिक खात्यांची वापरकर्ता-नावं आणि पासवर्ड असलेल्या फाइली असुरक्षित पडून होत्या. खाती शाळकरी मुलांची आणि कर्मचाऱ्यांची. त्यांना आधी इशारेही मिळालेले होते. ते प्रकरण मी मुख्याध्यापक सरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी दंडाच्या आकड्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "आपल्याला आधी कुणी सांगितलं होतं का?" मी शाळेचे मेल शोधले. सांगितलं होतं. एका पालकांनी आठ महिन्यांपूर्वी 'साइटवर काहीतरी उघडं दिसतंय' असं कळवलं होतं. तो मेल चौकशीच्या ढिगात गेला आणि उत्तर न मिळताच राहिला.

कुणी पाहिलं?

त्या आईचा पुढचा प्रश्न हाच असणार होता, आणि इथे एक विचित्र अडचण आली.

कुठलंही पान उघडलं की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो: कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक) मागणी आली, किती वाजता, कोणती फाइल मागितली, ती दिली की नाही, आधी कुठल्या पानावर होता, ब्राउझर कोणता. हा सर्व्हर लॉग. तो आपोआप चालतो, कुणी मुद्दाम सुरू करावा लागत नाही. म्हणजे 'आम्ही काहीच गोळा करत नाही' हे वाक्य ज्या पानावर होतं, ते पान वाचायला येणाऱ्याचीही नोंद होत होती. आयपी पत्ता म्हणजे काही माणूस नव्हे, असं म्हणून हे टाळता येत नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रेयर प्रकरणात म्हटलं की साइट चालवणाऱ्याकडे इंटरनेट पुरवठादाराकडून ओळख मिळवण्याचा कायदेशीर मार्ग असेल, तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरतो.

पण त्या रात्री तोच लॉग आमच्या उपयोगाला आला. कोणत्या अर्जाची फाइल कितीदा उतरवली गेली, हे दुसरीकडे कुठेच मिळालं नसतं. आमच्या होस्टिंगवर लॉग ३० दिवसच राहतात. त्या ३० दिवसांत शोधयंत्रांचे बॉट वगळता दोन पत्ते दिसले. एक वेळेवरून त्या आईचाच असावा. दुसरा कुणाचा, ते कळलं नाही. त्याआधीच्या काळाबद्दल तर काहीच हाती नव्हतं.

लॉग एक दिवसही ठेवू नका, असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांची बाजू मला कळते, पण पटत नाही. घरफोडी झाली तर पाऊलखुणा हव्यात. मात्र किती दिवस ठेवतो, का ठेवतो आणि कोण पाहू शकतो हे सांगून ठेवायला हवं. आम्ही नंतर ९० दिवसांची मुदत ठरवली आणि ती धोरणात लिहिली.

कळवायचं का?

संस्थेच्या बैठकीत एकाने विचारलं, "एकाच आईला कळलंय. बाकीच्यांना सांगून घबराट कशाला?" सरांनी शांतपणे त्यांनाच विचारलं, "तुमच्या नातीचा अर्ज त्यात असता तर?" विषय तिथे संपला.

कायदेही हेच सांगतात. युरोपच्या जीडीपीआरनुसार, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार, गळती लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं आणि धोका मोठा असेल तर त्या माणसांनाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्या कायद्याखालचं माहिती संरक्षण मंडळ आणि ज्यांची माहिती बाहेर गेली त्या व्यक्ती, दोघांनाही कळवण्याची तरतूद आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण शाळेने कायद्याची तारीख यायची वाट पाहावी, हे मला लाजिरवाणं वाटतं.

ज्यांचे अर्ज त्या फोल्डरमध्ये होते, त्या प्रत्येक घरी वेगळं पत्र गेलं. त्या मुलाच्या कोणत्या गोष्टी उघड्या होत्या, किती काळ असाव्यात, आता काय केलं आहे, आणि अनोळखी फोन आला तर काय करायचं, हे त्यात होतं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर' हे शब्द मी मसुद्यातून काढायला लावले. गैरसोय बस उशिरा आल्याने होते. पत्र मेलने जाणार होतं आणि कार्यालयातून सगळे पत्ते एकाच 'टू'च्या रकान्यात भरलेले होते. पाठवण्याआधी मी ते पाहिलं, नाहीतर गळतीची माफी मागताना दुसरी गळती झाली असती.

"हे कशाला?"

आता वाक्याकडे परत. 'गोळा करत नाही' म्हणणाऱ्या साइटवर एक चौकशी अर्ज होता. प्रवेशाचा नव्हे, नुसत्या चौकशीचा. ज्याला प्रवेश कधी सुरू होतात एवढंच विचारायचं आहे, त्याच्यासाठी. त्यात १९ रकाने होते.

मी भाऊसाहेबांशेजारी बसले. आमच्या कार्यालयाचे ते सगळ्यांत जुने लिपिक. एकेक रकाना दाखवायचा आणि विचारायचं, "हे कशाला?" वडिलांचा व्यवसाय? "पूर्वीपासून आहे." वार्षिक उत्पन्न? "कागदी अर्जात होतं." रक्तगट? ते थोडं थांबले, मग म्हणाले, "मॅडम, मुलगा शाळेत आल्यावर लागेल." पूर्वीचे आजार? ते काही बोलले नाहीत. भावंडांची नावं, वयं, शाळा? "ते मी कधी पाहिलेलं आठवत नाही."

भाऊसाहेबांची काही चूक नव्हती. कागदी अर्ज एका कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. तोच अर्ज जसाच्या तसा वेबसाइटवर उचलून ठेवला तेव्हा कपाट गेलं. एक चौकशी अर्ज भरला की त्याच्या प्रती कुठे जातात, याचा आम्ही माग काढला: साइटच्या डेटाबेसमध्ये एक, कार्यालयाच्या मेलमध्ये एक, तिथून पर्यवेक्षकांच्या खासगी मेलवर पुढे पाठवलेली एक, दर आठवड्याला उतरवून ठेवलेल्या एक्सेल फाइलमध्ये एक, आणि होस्टिंगच्या रोजच्या बॅकअपमध्ये एक. उद्या पालकांनी 'आमची माहिती पुसा' म्हटलं तर पाच ठिकाणी शोधायला हवं. ज्यांनी प्रवेश घेतलाच नाही अशा शेकडो घरांचं उत्पन्न आणि आजार आमच्याकडे पडून होते.

आता त्या अर्जात चार रकाने आहेत: पालकांचं नाव, संपर्क, कोणत्या इयत्तेसाठी, काय विचारायचं आहे. मुलाचं नावसुद्धा नाही. चौकशीचं उत्तर द्यायला ते लागत नाही.

याच अर्जात आणखी एक दोष होता आणि तो मला सगळ्यांत उशिरा दिसला. अर्ज पाठवल्यावर आभाराचं पान यायचं: 'धन्यवाद, अमुक अमुक.' ते नाव पानावर दाखवण्यासाठी अर्जातली माहिती पानाच्या पत्त्यातच जोडून पाठवली जात होती. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत मुलाचं नाव, जन्मतारीख, मोबाइल, सगळं ओळीने दिसायचं. तांत्रिक भाषेत सांगायचं तर अर्ज 'पोस्ट'ने जायला हवा होता, तो 'गेट'ने जात होता. पत्त्यात असलेली गोष्ट ब्राउझरच्या इतिहासात राहते, म्हणजे सायबर कॅफेतून अर्ज भरला तर पुढच्या गिऱ्हाइकाला दिसते. सर्व्हर लॉगमध्ये लिहिली जाते. आणि साइटवर गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे कोणती पानं किती पाहिली गेली हे मोजणारी गूगलची सेवा, असेल तर तिथेही पोहोचते. दुसऱ्या साइटला आता पूर्ण पत्ता कळत नाही, क्रोमने २०२० मध्ये तशी काळजी घेतली आहे. पण ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट आपल्याच पानावर चालते आणि पत्ता स्वतः वाचते, त्यामुळे तो बचाव इथे लागू पडत नाही.

ॲनालिटिक्स उघडून मी सर्वाधिक पाहिलेल्या पानांची यादी खाली सरकवत गेले. खालच्या शेकडो ओळी म्हणजे एकेका मुलाचं नाव होतं. नाव, मेल, फोन अशी माहिती पाठवू नये असं गूगलच्या अटींतच आहे. आम्ही ती वर्षानुवर्षं पाठवत होतो. ॲनालिटिक्समध्ये माहिती पुसण्याची विनंती करता येते, ती केली. मग विचारलं, हे अहवाल शेवटचे कुणी पाहिले? वर्षभरात कुणीच नाही. ॲनालिटिक्स काढून टाकलं.

समुपदेशनाच्या पानावरचा पाहुणा

ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स म्हणून एक खिडकी असते. तिथल्या नेटवर्क या भागात, पान उघडताना ते कोणाकोणाशी बोलतं हे दिसतं. कुणालाही करता येण्यासारखी ही तपासणी आहे, पाच मिनिटं लागतात. आमच्या मुखपृष्ठावर कशालाही हात न लावता ते पान अक्षरांच्या फॉन्टसाठी, नकाशासाठी, व्हिडिओसाठी, ॲनालिटिक्ससाठी, चॅटच्या बटनासाठी बाहेरच्या सर्व्हरांशी बोलून आलं. प्रत्येकाला पाहुण्याचा आयपी पत्ता मिळाला. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नुसते फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून आणल्याबद्दल साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. रक्कम लहान आहे, पण मुद्दा खरा आहे: फॉन्टची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवता येते, मग पाहुण्याचा पत्ता बाहेर का द्यायचा?

खरा धक्का वेगळा होता. दोन वर्षांपूर्वी प्रवेशाची जाहिरात फेसबुकवर दिली होती. जाहिरातवाल्यांनी तेव्हा साइटवर एक पिक्सेल बसवला होता, म्हणजे जाहिरात पाहून कोण साइटवर आलं हे फेसबुकला कळवणारा कोडचा तुकडा. जाहिरात संपली, त्यांचं काम संपलं, पिक्सेल मात्र तसाच राहिला. तो प्रत्येक पानावर होता. वाचन-लेखनाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या समुपदेशनाच्या पानावरही. छळाची तक्रार कशी करायची, या पानावरही.

रात्री उशिरा एखादी आई फोनवर ते पान उघडते. तिने अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही, शाळेलाही नाही. पण ती फेसबुकवर लॉगिन असेल, तर जाहिरात कंपनीला कळलेलं आहे की हे खातं अमुक शाळेचं हे पान वाचतं आहे. तिने एकही रकाना भरलेला नाही. 'माहिती गोळा करणं' म्हणजे अर्ज भरून घेणं, एवढंच आम्हाला वाटत होतं, ते इथे कोसळलं. पान वाचणं हीच माहिती आहे.

'आम्ही कुठे, ते तर फेसबुक करतं' हे उत्तर टिकत नाही. फॅशन आयडी प्रकरणात, जुलै २०१९ मध्ये, युरोपीय न्यायालयाने म्हटलं की लाइकचं बटन पानावर बसवणारा साइटचालक माहिती गोळा होण्याला आणि पुढे जाण्याला सहजबाबदार आहे. मुलांच्या बाबतीत कायदे आणखी कडक आहेत. मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा अमेरिकेचा कॉपा कायदा १९९८ चा, तो १३ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. भारताच्या कायद्यात १८ पूर्ण होईपर्यंत मूलच, आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना काही सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. जाहिरातीचा पिक्सेल त्यात बसत नाही.

पिक्सेल त्याच दिवशी काढला. फॉन्ट आपल्याकडे आणले, नकाशाऐवजी साधं चित्र आणि खाली लिंक ठेवली, व्हिडिओच्या जागी स्थिर चित्र आलं. त्यावर बोट ठेवलं तरच यूट्यूबशी संपर्क होतो. मग कुणीतरी सुचवलं की आता कुकीची, म्हणजे साइट पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीची, परवानगी मागणारी पट्टी लावू, 'स्वीकारा' बटनासकट. मी नको म्हटलं. आता साइटवर एकच कुकी उरली आहे, पालकांच्या लॉगिनची, आणि जिच्याशिवाय मागितलेली सेवा चालतच नाही अशा कुकीला युरोपच्या नियमांतही संमती लागत नाही. आधी पाहुण्यांच्या मागे माणसं लावायची आणि मग त्यांचीच परवानगी मागायची, त्यापेक्षा माणसं काढून घेणं सोपं होतं.

फोटो

यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. चित्रकलेचे सर म्हणाले, "मुलांचं कौतुकच करायचं नाही का आपण?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. बक्षीस मिळालेल्या मुलाचा फोटो साइटवर येतो तेव्हा त्याच्या आजीला काय वाटतं, ते मीही पाहिलं आहे.

पण शाळेत एक मूल असं होतं, ज्याचा ठावठिकाणा एका व्यक्तीला कळू नये म्हणून त्याच्या घरच्यांनी बरंच काही सोसलं होतं. सामूहिक कवायतीच्या फोटोखाली त्याचं नाव आणि इयत्ता होती. घरच्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना माहीतच नव्हतं.

दुसरी गोष्ट विज्ञान प्रकल्पांच्या फोटोंची. मुलांनी घरी केलेले प्रकल्प, पालकांच्या मोबाइलवर काढलेले फोटो, ते आम्ही जसे आले तसे चढवले. मोबाइलच्या फोटोत तारीख, फोनचं मॉडेल आणि स्थान चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लपलेले असतात. वर्डप्रेस पानावर दाखवायला लहान प्रती बनवतो, पण मूळ फाइल तशीच ठेवतो, आणि आमच्या 'मोठ्या आकारात पाहा' या लिंकवर ती मूळ फाइलच उघडत होती. मी त्यातले आकडे नकाशावर टाकले. एका इमारतीवर खूण आली. घर होतं ते. फोटोखाली मुलाचं नाव आम्हीच लिहिलेलं होतं.

आता फोटो चढवण्याआधी लपलेली माहिती काढून टाकली जाते, मूळ फाइलीतूनही. फोटो असेल तर नाव नाही, नाव असेल तर फोटो नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर त्या प्रसंगापुरती वेगळी संमती. प्रवेश अर्जाच्या तळाशी 'फोटो प्रसिद्ध करण्यास हरकत नाही' अशी आधीच खूण केलेली चौकट होती, ती काढली. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट ४९ प्रकरणात सांगितलंच आहे. आणि शाळा-पालक नात्यात संमती तशीही नाजूक असते. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ इथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखून घेऊन पाहिली, पालकांची संमती होती, तरी तिथल्या नियामकाने २०१९ मध्ये २ लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, त्यामुळे ती संमती मोकळी मानता येत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणून आमच्या फॉर्मवर आता स्पष्ट लिहिलं आहे की 'नाही' म्हटल्याने मुलाला कशातूनही वगळलं जाणार नाही. चित्रकलेच्या सरांनीच त्यावर मार्ग काढला: बक्षीस मिळालेल्या चित्राचाच मोठा फोटो, खाली फक्त पहिलं नाव. ते पान आता सगळ्यांत सुंदर झालं आहे.

निकालाच्या पानाचं थोडक्यात सांगते. तिथे हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की निकाल दिसायचा. एका वर्गातली मुलं साधारण दोन वर्षांच्या अंतरात जन्मलेली असतात, म्हणजे सुमारे ७३० तारखा. साधा प्रोग्राम काही मिनिटांत सगळ्या टाकून पाहू शकतो. निकाल आता पालकांच्या लॉगिनमागे आहे. प्रवेशाच्या निवड यादीतून नाव काढून जन्मतारीख, मुलगा की मुलगी आणि पिनकोड ठेवावा असंही एकाने सुचवलं होतं. लतान्या स्वीनी या संशोधिकेने दाखवलं होतं की १९९० च्या जनगणनेवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक नेमक्या या तीन गोष्टींवरून एकमेव ठरतात. यादीत आता फक्त अर्ज क्रमांक असतो.

नवं पान

सगळं आवरल्यावर मी धोरण लिहायला बसले, आणि ते दोन तासांत झालं. साइट काय करते हे ठाऊक असल्यावर लिहायला फार काही उरत नाही. त्यातला काही भाग:

"तुम्ही ही साइट उघडता तेव्हा आमचा सर्व्हर तुमचा आयपी पत्ता, वेळ आणि उघडलेलं पान यांची नोंद करतो. ही नोंद ९० दिवसांनी पुसली जाते. ती साइटच्या सुरक्षेसाठी आहे आणि दोनच माणसं ती पाहू शकतात. चौकशी अर्जात तुम्ही दिलेला संपर्क उत्तर देण्यासाठी वापरतो आणि प्रवेशाचा हंगाम संपला की पुसतो. साइटवर जाहिरात कंपन्यांचा कोणताही कोड नाही. व्हिडिओवर बोट ठेवलंत तर यूट्यूबला तुमचा आयपी पत्ता कळतो. तुमच्याबद्दल किंवा तुमच्या मुलाबद्दल आमच्याकडे काय आहे हे विचारा, चुकलेलं दुरुस्त करून घ्या, फोटो काढायला सांगा. सात दिवसांत उत्तर देऊ."

खाली जबाबदार व्यक्तीचं पद आणि फक्त याच कामाचा मेल पत्ता आहे, म्हणजे आठ महिने पडून राहिलेल्या मेलसारखं पुन्हा होऊ नये. हा मसुदा मी आठवीच्या वर्गात वाचायला दिला. एका मुलाने विचारलं, "दोनच माणसं म्हणजे कोण?" ते पदही मग पानावर लिहिलं.

जे उरलं

जुन्या अर्जांची छाननी अजून चालू आहे. भाऊसाहेब रोज थोडे थोडे काढतात. शाळांना जुनं ठेवायची सवय असते. शाळांच्या विद्यार्थी-नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीची प्रणाली डिसेंबर २०२४ मध्ये फुटली, तेव्हा टोरांटोच्या शालेय मंडळाला आपल्या विद्यार्थ्यांना कळवावं लागलं की १९८५ पासूनच्या नोंदी त्यात असू शकतात. तेव्हाची मुलं आज आजी-आजोबा होण्याच्या वयाला आली आहेत. शाळा सोडल्याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, पण न घेतलेल्या प्रवेशाची कागदपत्रं ठेवण्याचं कारण आम्हाला एकही सापडलं नाही.

वेबसाइटांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर आमच्या साइटच्याही प्रती होत्या. त्यांत ते फोल्डर आहे का, हे पाहून दोन पानं काढण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली.

त्या आईला आम्ही शाळेत बोलावलं. सर, मी आणि भाऊसाहेब होतो. काय झालं, काय केलं, सगळं सांगितलं. लॉगची ती ओळही दाखवली, दुसऱ्या पत्त्याची. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "हा कोण, ते कळेल का?"

मी म्हटलं, "नाही, ताई. आमच्याकडे एवढंच आहे."

त्यांनी त्या ओळीची प्रत मागितली. ती आम्ही त्यांना दिली.